कानाला दडा बसला की त्या दिवशीचं पाणी बंद: पटतंय का? (चर्चा)

तळ्याकाठचा
फ्रीडायव्हिंग (हवेच्या टाकीशिवाय, एकाच श्वासावर दोरीच्या कडेने खोल बुडी मारणं) शिकणाऱ्या पुणेकरांसाठी हा धागा. माझं मत आधीच सांगतो: खाली जाताना एक कान जरी मोकळा झाला नाही, तरी त्या दिवशी परत दोरी धरायची नाही. भरलेले पैसे गेले तर जाऊ द्यात.

आपली गंमत अशी की समुद्राचा हंगाम आणि पुण्याची सर्दी एकाच वेळी येतात. डिसेंबर-जानेवारीत अर्धं शहर नाक ओढत असतं आणि त्याच शनिवार-रविवारचं मालवणचं बुकिंग झालेलं असतं. रात्रभर एसी बसमध्ये बसायचं आणि सकाळी डोकं खाली, पाय वर करून बुडी मारायची. मग कान साथ देत नाही, पण सुट्टी एवढीच असते, म्हणून जोर लावला जातो. ओळखीतल्या एका मुलाचा पडदा असाच फाटला. थंड पाणी आत शिरलं आणि पाण्यातच एवढं गरगरलं की वर कुठे, खाली कुठे कळेना. जोडीदार शेजारी होता म्हणून निभावलं.

डेक्कनवाला
एवढं सोवळं पाळलं तर कुणी शिकणारच नाही. दडा बसणं वेगळं, दुखणं वेगळं. दोन मीटरवर अडकलं की मीटरभर वर यायचं, मान सैल सोडायची, पुन्हा हलकेच प्रयत्न करायचा. नव्याण्णव वेळा एवढ्यानेच सुटतं. मूळ दोष पद्धतीचा आहे. बहुतेक जण नाक दाबून छातीने फुंकतात, म्हणजे वाल्साल्वा. डोकं खाली असताना ते फार पुढे नेत नाही. फ्रेन्झेल शिका: घसा बंद, जीभ मागे दाबून तोंडातली हवा नाकामागून कानात जाणाऱ्या नळीत ढकलायची. पोटाला, छातीला हलवायचंच नाही. हे घरी आरशासमोर जमतं, त्यासाठी समुद्र लागत नाही.

तळ्याकाठचा
फ्रेन्झेलचं शंभर टक्के मान्य. पण सुजलेल्या नळीपुढे जीभ काय करणार?

कोथरूडचा काका
आम्ही गावच्या विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणायचो. कुणी फ्रेन्झेल शिकवलं नव्हतं आणि अजून कुजबूजसुद्धा ऐकू येते. ताम्हिणी उतरतानाही दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. उगाच बाऊ.

डेक्कनवाला
काका, पुण्याची उंची साधारण ५६० मीटर. इथून थेट किनाऱ्यापर्यंत उतरलात तर हवेचा दाब जेवढा वाढतो, तो पाण्याच्या जेमतेम ६५ सेंटिमीटरइतका. तुम्हाला त्यासाठी दोन-तीन तास मिळतात. बुडी मारणारा तेवढं अंतर सेकंदाच्या आत कापतो, तेही उलटा. आणि १० मीटरवर दाब थेट दुप्पट होतो. विहिरीचं म्हणाल तर ज्यांचे कान वाहायला लागले ते आज धाग्यावर लिहायला आलेले नाहीत.

कानतपासनीस (व्यवसायाने कान-नाक-घसा)
दोघांचंही अर्धं पटलं. दाबातला फरक साधारण सव्वा मीटर पाण्याएवढा झाला की नळीचं तोंड चिकटून बसतं. मग कितीही फुंका, उघडत नाही. वर येणं एवढाच उपाय. म्हणून "अडकल्यावर सोडवू" यापेक्षा "अडकायच्या आधी मोकळं करू" हे खरं. पहिल्या मीटरपासून, दुखायची वाट न बघता.

लोक पडद्याला घाबरतात. मी कमी घाबरतो. लहान छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरतं, काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिने लागतात. तोवर कान कोरडा ठेवायचा. मला धास्ती आतल्या कानाची. जोरात फुंकल्यावर आतला द्रव ढकलला जातो आणि गोल खिडकीचा, म्हणजे मधल्या आणि आतल्या कानामधल्या छोट्या छिद्राचा, नाजूक पडदा फाटू शकतो. ऐकू कमी येणं, सतत शिट्टी वाजणं, घर फिरल्यासारखी चक्कर यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी तपासणी. बाहेरून पडदा धडधाकट दिसला म्हणून घरी बसू नका, श्रवण चाचणी करून घ्या. उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येईलच असं नाही.

पाषाणची मीनल
आमच्याकडे कान दुखला की आई लसणीचं कोमट तेल घेऊन हजर. चालतं का?

कानतपासनीस
पडदा फाटल्याची शंका असेल तर अजिबात नाही. तेल नको, पाणी नको, मनाने घेतलेले थेंबही नकोत. आईंना माझं नाव सांगा.

रविवारचा बुडीवाला
नाकात थेंब सोडा, अर्ध्या तासात नळी मोकळी. सगळे करतात.

तळ्याकाठचा
आणि थेंबांचा असर खाली असतानाच उतरला तर? वर येताना फुगलेली हवा कानात अडकते. खाली जाताना अडलात तर निदान परत फिरता येतं. वर येताना अडलात तर श्वास संपत आलेला असतो. हा सल्ला कृपा करून नवख्यांना देऊ नका.

पाषाणची मीनल
पडदा भरला की लगेच पुन्हा सुरू करायचं का? माझा आता चार भिंतींत जीव रमत नाहीये.

कानतपासनीस
भरणं आणि काम करणं या दोन गोष्टी. छिद्र बुजलं तरी नळी सुजलेली राहू शकते आणि पडद्यामागे पाणी साठलेलं असू शकतं. पडदा नीट हलतोय हे चाचणीत दिसलं, कोरड्यावर दोन्ही कान सहज इक्वलाइज झाले, म्हणजे आतबाहेरचा दाब सारखा झाला, की मग पोहण्याचा टँक. आधी उथळ, पाय खाली ठेवून. आतल्या कानाला इजा झाली असेल तर परत जावं की नाही हा वेगळाच विषय, तो इथे ठरत नाही.

डेक्कनवाला
सर्दीत पाणी बंद, हे घेतलं. थेंबांचंही घेतलं. पण साध्या दड्यासाठी अख्खा दिवस बंद, हे मी मानत नाही. मीटरभर वर या, दोनदा बघा, नाही सुटलं तर नावेत बसा.

तळ्याकाठचा
दोनदा म्हणणारे समुद्रात गेल्यावर सातदा करतात. मी माझ्या मतावर आहे. आणि कोर्सवाल्यांनी सर्दी झालेल्याला तारीख बदलून द्यायला हवी, त्यावर कुणी बोललंच नाही.