जादा नेटवर्क कार्ड बसवल्यावर डेबियन गोठते. एएसपीएम (पीसीआय एक्सप्रेस जोडणीची वीजबचत) 'ऑफ' करूनही फरक नाही

रात्रपाळी:
घरच्या सर्व्हरवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. त्यात वापरलेले पीसीआय एक्सप्रेस नेटवर्क कार्ड बसवल्यापासून, कोणतेही काम चालू नसताना यंत्र अचानक गोठते. कीबोर्डवरचे दिवेही बदलत नाहीत आणि बटण दाबून ठेवून बंद करावे लागते. रॅम निर्दोष आहे. कार्ड काढले की त्रास थांबतो. बूट पॅरामीटरमध्ये (यंत्र सुरू होताना कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, दिलेल्या सूचनांत) 'पीसीआयई एएसपीएम ऑफ' दिले, तरी फरक नाही, म्हणजे वीजबचतीचा संबंध नसावा. जर्नलमध्ये (प्रणालीच्या नोंदवहीत) काहीच सापडत नाही.

जुना_टर्मिनल:
जर्नल रिकामे असणे स्वाभाविक आहे. अतिगंभीर संदेश वगळता बाकीच्या नोंदी डिस्कवर पक्क्या करायला जर्नल मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपर्यंत वेळ घेते. त्यापूर्वीच यंत्र गोठले, तर त्या नोंदी हरवू शकतात. नेटकन्सोल मॉड्यूल वापरून कर्नलचे संदेश दुसऱ्या संगणकाकडे पाठवावेत, मात्र मदरबोर्डवरच्या पोर्टमधून. संशयितालाच साक्षीदार करण्यात अर्थ नाही.

तिसरास्लॉट:
वीजबचतीला इतक्यात निर्दोष ठरवू नये. 'ऑफ' या पर्यायाचा अर्थ एएसपीएम बंद करणे असा नसून, कर्नलने त्याला हातच लावू नये असा आहे. बायोसने (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने) ते चालू करून ठेवले असेल, तर ते तसेच चालू राहते. नाव फसवे आहे खरे. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून, दोन 'व्ही' जोडून चालवावी आणि कार्डाच्या लिंक कंट्रोलच्या ओळीत 'एल१ एनेबल्ड' (एल१ ही जोडणीची वीजबचतीची अवस्था) आहे का ते पाहावे. असल्यास 'ऑफ' काढून एएसपीएमची पॉलिसी 'परफॉर्मन्स' ठेवावी. 'नोएईआर' (पीसीआय एक्सप्रेसच्या त्रुटी कळवणारी एईआर यंत्रणा बंद करणारा पर्याय) मात्र देऊ नये. त्याने त्रुटींची नोंद थांबते, त्रुटी नव्हे.

रात्रपाळी:
'एल१ एनेबल्ड' होते, आणि गोठण्यापूर्वी नेटकन्सोलवर त्याच स्लॉटच्या रूट पोर्टकडून (जोडणीच्या मदरबोर्डकडील टोकाकडून) एईआरच्या 'करेक्टेड' (आपोआप दुरुस्त झालेल्या) त्रुटींची रांग लागली होती. 'परफॉर्मन्स' ठेवल्यापासून यंत्र गोठलेले नाही. पण त्यामुळे सगळ्याच उपकरणांची वीजबचत गेली. केवळ या कार्डापुरते करता येईल का?

तिसरास्लॉट:
येईल. पॉलिसी पुन्हा 'डिफॉल्ट' करावी आणि सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरात) त्या कार्डाच्या 'लिंक' फोल्डरातील 'एल१ एएसपीएम' या फाइलमध्ये शून्य लिहावे. कर्नल ५.५ पासून ही सोय आहे आणि डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे. बूट पॅरामीटरमध्ये 'ऑफ' राहिले, तर ती फाइल दिसतच नाही. रीबूटनंतर हे मूल्य टिकत नाही, म्हणून यूडेव्हचा (उपकरण सापडताच ठरलेली कृती करणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहून ठेवावा.