‘डिसोनन्ट’ संगीताला मराठीत काय म्हणाल: बेसूर, विसंवादी की भेसूर?

गवतीचहा
एका शब्दावर अडले आहे, ‘डिसोनन्ट’. म्हणजे एकत्र वाजताना एकमेकांना खटकणारे सूर. आम्ही काही जण कोथरूडमध्ये कोणाच्या तरी घरी जमून ध्वनिमुद्रणं ऐकतो. बहुतेकांचे कान ख्याल-ठुमरीवर तयार झालेले आहेत. या वेळी पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराची हिरोशिमाच्या बळींसाठीची विलापिका लावली होती. वाद्यवृंदात सगळी तंतुवाद्यंच, एकूण ५२. चाल नाही, ठेका नाही. सुरुवातीलाच प्रत्येकाला आपल्या वाद्यातून निघेल तितका उंच सूर काढायला सांगितलेलं आहे. ऐकण्याआधी रचनेचं नाव कोणालाच सांगितलं नव्हतं. संपल्यावर प्रत्येकाने चिठ्ठीवर एक ओळ लिहायची, एवढंच ठरलं होतं.

त्यावरून वृत्तांत लिहायला घेतला आणि पहिलंच वाक्य लिहिलं, ‘ही रचना विसंवादी आहे.’ आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ते खोडून ‘बेसूर’ केलं. त्यांचं म्हणणं, विसंवाद घरात होतो, पक्षात होतो, सुरांत होत नाही. मला ‘बेसूर’ अजिबात पटत नाही. वाजवणारे कुठेही चुकलेले नाहीत. लिहून दिलंय तेच ते वाजवतायत. मग काय म्हणायचं?

खर्ज
तुमचे ज्येष्ठ सदस्य अर्धे बरोबर आहेत. ‘विसंवादी सूर’ वर्तमानपत्रांनी वापरून गुळगुळीत केलाय. ‘बैठकीत विसंवादी सूर’ म्हटलं की डोळ्यांपुढे रुसलेला पुढारी येतो. पण त्यावर उपाय ‘बेसूर’ नाही. शास्त्रातला शब्द ‘विवादी’ आहे, तोच घ्या. भरताच्या नाट्यशास्त्रात हिशेब स्पष्ट दिलेला आहे. श्रुती म्हणजे सप्तकाचे २२ सूक्ष्म भाग. ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचं अंतर ते एकमेकांचे संवादी, आणि ज्यांत फक्त २ श्रुतींचं ते विवादी. म्हणजे फार जवळ आले की भांडण. पेंडेरेत्स्कीने नेमकं हेच केलंय, सूर इतके जवळजवळ रचले की त्यांचा एक जाड पट्टा झाला. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द तयार असताना नवा कशाला पाडायचा?

तिसरी घंटा
खर्ज, मुद्दा चांगला आहे, पण आज गाणं शिकणाऱ्या मुलाला ‘विवादी’ म्हणजे काय विचारा. तो म्हणेल, रागात वर्ज्य असलेला पण रंजनासाठी हळूच लावलेला स्वर. केदारात कोमल निषाद लावतात, तो. म्हणजे विवादी ठरतो रागाच्या संदर्भात, आणि तो चवीपुरताच असतो. इथे राग नाही, नियम नाही, तर विवादी कोणाशी? शिवाय विवादी कायम विवादी राहतच नाही. बिहागातला तीव्र मध्यम एके काळी विवादी म्हणून जपून लावायचे, आज त्याच्याशिवाय बिहाग ओळखूच येत नाही.

मुळाकाठ
आपल्याकडे दोन वेगळे सूर एकाच वेळी वाजवायची पद्धतच नाही, म्हणून त्यांच्या भांडणालाही शब्द नाही. सरळ ‘डिसोनन्स’ म्हणा आणि पुढे चला. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणतोच ना आपण?

खर्ज
पद्धत नाही कशी? तंबोरा काय करतो मग? चार तारा छेडल्या की पंचम आणि षड्ज एकाच वेळी कानात असतात, आणि गाणारा त्यांच्यावर तिसरा सूर ठेवतो. गाणाऱ्याने मारव्याचा कोमल रिषभ तंबोऱ्याच्या षड्जावर धरला की जे होतं, ते काय संवादी असतं? आपण त्याला नाव दिलं नाही एवढंच. मारव्यातली हुरहुर त्या घर्षणातूनच येते असं मला मनापासून वाटतं.

आणि तंबोरा जुळवताना हे प्रत्यक्ष ऐकू येतं. जोडीच्या दोन तारा किंचित इकडेतिकडे असल्या की आवाज हेलकावे खातो. एक तार सेकंदाला २४० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी २४४ वेळा, तर सेकंदाला ४ हेलकावे ऐकू येतील. जुळत आलं की हेलकावे मंदावतात आणि थांबतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३च्या ग्रंथात डिसोनन्सचं कारण हेच दिलं. हेलकावे वेगाने व्हायला लागले की कानाला खरखर वाटते. बावन्न वाद्यांनी पाव पाव सुराच्या अंतरावर सूर धरले तर किती हेलकावे एकमेकांत मिसळतील याची कल्पना करा.

लिंबलोण
मग ‘खरखरीत’ म्हणा की! मराठी शब्द, सगळ्यांना समजणारा.

‘बेसूर’बद्दल माझा वेगळा आक्षेप आहे. ‘बे’ फारसी आहे. निदान या चर्चेत तरी आपण शुद्ध शब्द शोधावा. ‘अपस्वर’ किंवा ‘विस्वर’ का नको?

पेठेतला
लिंबलोण, ‘बे’ फारसी आहे म्हणून बेसूर टाकायचा तर बेताल, बेरंग, बेजार, बेफिकीर हेही टाका. सावरकरांचे ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ रुजले, कारण ते कचेरीत रोज लागत होते. ‘विस्वर’ कोणाच्या तोंडी येणार? लहान मूल कर्कश गायला लागलं तर आई त्याला ‘अपस्वर काढू नकोस’ म्हणणार आहे का?

लिंबलोण
तोंडी येतं ते वापराने येतं. १९२५ साली फारसी-मराठी कोश करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीच पुढे भाषाशुद्धीची बाजू घेतली. फारसी न येणाऱ्याने नव्हे, फारसी कोळून प्यायलेल्याने. त्याचा विचार करा. आणि आईने काय म्हणावं यावर परिभाषा ठरत नसते.

पेठेतला
परिभाषेवर भाषा ठरत नसते, असं मी म्हणेन.

गवतीचहा
दोघांचंही म्हणणं पोचलं. पण मला परिभाषा नकोय, वृत्तांताचं एक वाक्य हवंय. चिठ्ठ्यांत काय आलं तेच देते. ‘अंगावर येतं.’ ‘करवतीचा कारखाना.’ ‘कानाला त्रास होत होता पण उठवेना.’ ‘यात करुण रस शोधू नका, हा बीभत्स आहे.’ आणि एका आजींनी फक्त लिहिलं, ‘भेसूर.’ मग मी रचनेचं नाव सांगितलं. खोली गप्प झाली. ‘करवतीचा कारखाना’ लिहिणाऱ्यांनी आपली चिठ्ठी परत मागून घेतली.

तिसरी घंटा
नावाचा हा परिणाम त्या रचनेच्या इतिहासातच आहे. पेंडेरेत्स्कीने आधी तिला नुसत्या वेळेचं नाव दिलं होतं, ८ मिनिटं ३७ सेकंद. प्रत्यक्ष वादन ऐकल्यावर त्यातल्या भावनेच्या भाराने तोच हादरला आणि मग हिरोशिमाचं नाव दिलं. म्हणजे आधी आवाज, मग दुःख. तुमच्या मंडळींनी संगीतकाराचाच प्रवास केला, फक्त त्यांना नाव दुसऱ्याने सांगितलं.

म्हणून माझ्या मते आजींचा शब्द सगळ्यांत अचूक आहे. ‘बेसूर’ हा वाजवणाऱ्यावरचा ठपका आहे. ‘विसंवादी’ हे सुरांच्या आपसातल्या नात्याचं वर्णन आहे. ‘भेसूर’ ऐकणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. तुम्ही प्रतिक्रियांबद्दल लिहिताय, तर तिसराच शब्द हवा.

मुळाकाठ
भेसूर म्हणजे बेसूरच ना? उच्चार घसरला.

पेठेतला
मला तर ‘भय’ आणि ‘सूर’ वाटतं. भयसूर, भेसूर. गावाकडे रात्री कुत्री रडायला लागली की ‘भेसूर रडतायत’ म्हणतात. त्यात भीती आहे, बेसूरपणा नाही. कुत्र्याकडून कोण सुराची अपेक्षा करतं?

खर्ज
दोन्ही व्युत्पत्त्या कानाला गोड लागतात म्हणूनच मला संशय येतो. भेसूर चेहराही असतो. तिथे सूर कुठून आला? ‘भीषण’शी नातं असावं असं माझं मत.

रविवारकर
‘भेसूर’ वाचलं आणि लिहावंसं वाटलं. माझी आई शनिवार पेठेत होती, १२ जुलै १९६१ला, पानशेत फुटलं तेव्हा. पाण्याबद्दल ती फार बोलत नसे. पण त्या रात्रीबद्दल बोलली की हाच शब्द यायचा. दिवे नव्हते, आणि चिखलात कुठेतरी अडकलेलं जनावर हंबरत होतं. ती म्हणायची, ‘आवाज भेसूर होता.’ चेहरा भेसूर असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तेव्हा निदान आमच्या घरात हा शब्द आवाजाचाच होता. हिरोशिमावरच्या रचनेला तो कोणी लावला तर मला ते योग्य वाटतं. त्या आजी पुण्याच्याच का?

गवतीचहा
हो, नारायण पेठेतल्या. तेव्हा त्या शाळेत होत्या. तुमच्या आईंचं वाचून त्यांना विचारायला हवं असं वाटतंय.

लिंबलोण
हे वाचून वाईट वाटलं आणि शब्दही पटला. तरीही सांगते, ‘भेसूर’ प्रत्येक नव्या रचनेला चालणार नाही. लिगेती या हंगेरियन संगीतकाराची ‘आत्मोस्फेअर्स’ ही रचना घ्या, १९६१चीच. तिच्यातही सूर एकमेकांना चिकटून दाटलेले आहेत, पण ती मुळीच भेसूर नाही. धुकं उतरत यावं तशी ती येते. पहिल्या वादनात लोकांनी ती पुन्हा वाजवायला लावली होती. म्हणजे डिसोनन्ट असूनही हवीशी. हिला काय म्हणाल?

तिसरी घंटा
मान्य. तिला भेसूर म्हणता येणार नाही.

मुळाकाठ
आणि लोक चिडतात ते तरी सुरांवर चिडतात का? पॅरिसला १९१३च्या २९ मे रोजी स्त्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या बॅलेवर जो गोंधळ झाला त्यात नृत्यावरचा राग मोठा होता. पुढच्याच वर्षी तेच संगीत नृत्याशिवाय वाजलं तेव्हा लोकांनी स्त्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं. सूर तेच होते. तेव्हा प्रतिक्रियेवरून सुरांना नाव देऊ नका.

कवडसा
मी संस्कृतची शिक्षिका. इतका वेळ वाचत होते. तुम्हाला हवा असलेला शब्द अलंकारशास्त्रात आहे, ‘श्रुतिकटू’. मम्मट या जुन्या काव्यशास्त्रकाराने काव्यदोषांची यादी केली तिची सुरुवातच श्रुतिकटूपासून होते. कानाला कडू लागणारी कठोर वर्णांची रचना. पण तोच मम्मट पुढे सांगतो की बोलणारा कोण आणि रस कोणता यावरून दोषाचा गुण होऊ शकतो. शृंगारात ट-ठ-डचा खडखडाट दोष, आणि रौद्रात, बीभत्सात तोच गुण. तुमच्या चिठ्ठ्यांमधल्या ‘हा बीभत्स आहे’ लिहिणाऱ्या गृहस्थांना हे बरोबर कळलं होतं. हिरोशिमाबद्दल मधुर वर्णांत बोलायचं का, हा प्रश्न मम्मटाला विचारला असता तर त्याने नाही म्हटलं असतं. आणि लिगेतीची अडचणही सुटते. जिथे कटू लागत नाही तिथे हा शब्द लावायचाच नाही.

पेठेतला
विचार सुंदर. शब्द मात्र कोणाला कळणार? ‘कर्णकटू’ तरी लोकांनी ऐकलेला आहे.

कवडसा
‘कर्णकटू’त दोष कायमचा चिकटलाय. रस्त्यावरचा भोंगा कर्णकटू. तो गुण कधी होत नाही.

लिंबलोण
श्रुतिकटूला माझा पूर्ण पाठिंबा. शुद्ध आहे, आणि शास्त्राने पारखलेला आहे.

खर्ज
पण संगीतात ‘श्रुती’ म्हटलं की लोकांना २२ श्रुती आठवणार. ‘श्रुतिकटू’ म्हणजे श्रुती चुकलेला, असाच अर्थ गाणारे घेतील. पुन्हा बेसूरावरच आलो. त्यापेक्षा ‘कणसूर’बद्दल बोला. थोडासा ढळलेला सूर म्हणजे कणसूर, हा फरक पाश्चात्त्यांच्या शब्दांत मला सापडला नाही.

मुळाकाठ
कणसूर म्हणजे कणभर कमी सूर ना?

खर्ज
आमचे गुरुजी ‘काणा सूर’वरून सांगायचे.

पेठेतला
काणा सूर? मग ‘कणसुरा’तलं ‘क’ ऱ्हस्व कसं झालं? कणस्वर हा वेगळा शब्द आहे, मुख्य स्वराला स्पर्श करून जाणारा तो. गायनशाळेत कणस्वर आणि कणसूर यांची सरमिसळ मी स्वतः ऐकलेली आहे. शिक्षक म्हणतात ‘कण लाव’ आणि विद्यार्थ्याला वाटतं कणसूर गा.

खर्ज
सरमिसळ तुमच्या गायनशाळेत असेल. आमच्याकडे ‘कण’ म्हणजे कणस्वर आणि ‘कणसूर’ म्हणजे शिक्षा, यात कधी कोणाचा गोंधळ झाला नाही. काणाचं कण होतं, नाकाडीचं नकटं होतं तसंच.

कवडसा
नकटं नाकाडीवरून नाही आलेलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.