प्रतिपिंडांच्या शोधासाठी उंदीर अजून हवेतच का?

मृदुला:
जनुकं बदललेल्या उंदरांना प्रतिजन (शरीराला परका वाटणारा रेणू) टोचायचं, मग त्यांना मारून प्लीहेतल्या पेशींमधून औषधी प्रतिपिंडं (अशा रेणूला ओळखून चिकटणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी) शोधायची, हे आता थांबायला हवं. फाज डिस्प्लेमध्ये, म्हणजे जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर (फाजवर) प्रतिपिंडांचे तुकडे लावून त्यातले नीट चिकटणारे वेचण्याच्या तंत्रात, हीच निवड प्राण्याशिवाय होते. २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या तंत्राचा वाटा होता. अ‍ॅडालिमुमॅब हे संधिवातावरचं प्रतिपिंड-औषध त्यातूनच आलं, २००२ साली मंजूरही झालं. मग अडलंय कुठे?

श्रीरंग:
अजिबात सहमत नाही. अ‍ॅडालिमुमॅबची सुरुवातच उंदराच्या प्रतिपिंडापासून झाली होती. फाज वापरून त्याचे भाग टप्प्याटप्प्याने मानवी केले गेले. शिवाय फाज फक्त चिकटणारा रेणू निवडतो. उंदराच्या शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींच्या जनुकांत बदल होत होत पकड घट्ट होते, आणि स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या बऱ्याच पेशी आधीच गळतात. ही चाळणी परीक्षानळीत उभी करणं सोपं नाही. १९८६ मध्ये मंजूर झालेलं मुरोमोनॅब हे प्रतिपिंड-औषध पूर्णपणे उंदराचं होतं, त्यामुळे रुग्णांचं शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवायचं. यावर तोडगा म्हणून उंदरांत मानवी प्रतिपिंडांची जनुकं घातली. असे उंदीर १९९४ साली जगासमोर आले. आतड्याच्या कर्करोगावरचं पॅनिटुमुमॅब (२००६) आणि पुढे कर्करोगावरचंच निवोलुमॅब अशाच उंदरांनी दिलं. त्यावर जगणाऱ्या रुग्णांसमोर ‘थांबवा’ म्हणणं मला जमणार नाही.

निशा:
पण प्राण्यांवर भरवसा किती ठेवायचा? २००६ च्या लंडनमधल्या चाचणीत, माकडांना काहीही न झालेलं टीजीएन१४१२ हे प्रायोगिक प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांच्या जिवावर बेतलं.

श्रीरंग:
निशाताई, ती सुरक्षिततेची चाचणी होती. इथे विषय शोधाचा आहे. उंदराकडून आपण फक्त रेणू घेतो, तो माणसाला चालेल की नाही याची हमी घेत नाही.

मृदुला:
अ‍ॅडालिमुमॅबचा मुद्दा बरोबर आहे. पण बेलिमुमॅब हे औषध (२०११) मानवी प्रतिपिंडांच्या फाज लायब्ररीतूनच, म्हणजे फाजवर लावलेल्या प्रतिपिंडांच्या संग्रहातूनच, निघालं. आणि तुमची ती चाळणी कधी आडवीही येते: माणसाचं प्रथिन उंदराच्या प्रथिनाशी फार जुळत असेल तर उंदीर त्याला परकं मानतच नाही. मग उंदराचं ते जनुक बंद करून आणखी एक वंश पैदा करावा लागतो, म्हणजे आणखी जीव. निदान आधी लायब्ररी चाळा, काही हाती लागलं नाही तरच उंदरांकडे वळा. प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीने याचा लेखी पुरावा मागावा.

श्रीरंग:
एरवी ही अट मान्य. साथीत नाही. २०२० मध्ये मंजूर झालेलं इबोलावरचं तीन प्रतिपिंडांचं औषध अशाच उंदरांतून आलं. तिथे दोन्ही वाटा पहिल्या दिवसापासून चालू हव्यात.