लहान प्रसूतिगृहं बंद करून सगळं मोठ्या रुग्णालयात न्यावं का?

आडवाट: बाळंतपणं कमी होतात ती केंद्रं बंद करा, पैसा मोठ्या रुग्णालयात घाला, हा सल्ला सारखा कानावर येतो. मला मुळीच पटत नाही. गाडीवाल्यांचं काही बिघडत नाही, बाकीच्यांची फरफट होते. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ मध्येच लिहिलंय की जिथे गरज जास्त, तिथेच चांगले उपचार कमी मिळतात.

रातपाळी: मी भूलतज्ज्ञ. रात्री दोन वाजता बाळाचे ठोके घसरले आणि सिझर करायला माणूस नाही, रक्ताची पिशवी नाही, तर ते केंद्र जवळ असून उपयोग काय? नुसत्या पाटीने बाई सुटत नाही.

आडवाट: आणि वाटेतच काही झालं तर? थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन उशीर सांगितले: घरात ठरवताना, वाटेत, आणि पोचल्यावर उपचार मिळताना. तुम्ही तिसरा कमी करायला दुसरा वाढवताय. लांब जायचं म्हटलं की घरचे 'सकाळी बघू' म्हणतात, म्हणजे पहिलाही वाढला.

पोटतिडीक: अहो, पोचल्यावरचं तरी धड आहे का? बाई सांगतेय डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. बीपी वाढून झटके येण्याआधीची ही लक्षणं. पण भाषा कळत नाही, म्हणून सोबतच्या शाळकरी मुलीकडून वदवून घेतात! ब्रिटनमध्ये मोठी रुग्णालयं आहेत, मोफत सेवा आहे, तरी बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण कृष्णवर्णीय बायकांत गोऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त.

रातपाळी: मग दुभाषी नेमा. त्यासाठी अर्धवट केंद्रं कशाला चालू ठेवायची?

हिशेबी: तुम्ही दोघं इमारतींवरून भांडताय. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतला २०२३ चा अभ्यास बघा. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, रक्त अंदाजाने न धरता मोजलं, आणि जास्त दिसताच गर्भाशयाचं मालिश, औषधं, सलाइन सगळं एकदम सुरू केलं. अतिरक्तस्रावाचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

रातपाळी: तो अभ्यास रुग्णालयांतलाच होता, हे का गाळलंत? शिवाय रक्तस्राव रोखायचं ऑक्सिटोसिन हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. तुमच्या छोट्या केंद्रात रात्रभर वीज असते का?

आडवाट: नसेल तर वीज द्या, फ्रिज द्या. केंद्र बंद करण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल. आणि बंदच करायचं असेल, तर मध्यरात्री फोन केल्यावर गाडी कोण पाठवणार ते आधी लेखी द्या.