शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ नाटक: डंकन राजाच्या खुनाचा बेत नेमका कुठे फसतो?

रंगवेडा: पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात सरदार मॅकबेथ आणि त्याची बायको लेडी मॅकबेथ यांचा बेत पक्का वाटतो. राजाचे दोन पहारेकरी झिंगवायचे, त्यांचेच खंजीर वापरायचे, आळ त्यांच्यावर. मग घोळ कुठे?

विंगेतला: खंजिरांपाशी. ते पहारेकऱ्यांजवळच टाकायचे होते, तर मॅकबेथ पठ्ठ्या हातात घेऊनच बाहेर येतो (2.2, म्हणजे दुसरा अंक, दुसरा प्रवेश). परत जायची हिंमत नाही. शेवटी लेडी मॅकबेथ ते नेऊन ठेवते, पहारेकऱ्यांना रक्त फासते; तेवढ्यात दार ठोठावलं जातं. नाटक बसवताना खंजीर प्रेक्षकांना आधी दिसू द्या, तिला उशिरा. नाहीतर तिचा संताप पोकळ वाटतो.

जुनाखांब: खंजिरांचं निस्तरलं हो. खरी माती 2.3 मध्ये: मॅकबेथ पहारेकऱ्यांनाच मारतो. हे बेतात नव्हतंच! सरदार मॅकडफ तिथल्या तिथे विचारतो, का मारलंस? राजपुत्र पळाले, माल्कम इंग्लंडला, डोनलबेन आयर्लंडला, म्हणून संशय त्यांच्यावर गेला.

रंगवेडा: पहारेकऱ्यांना दिलेलं गुंगीचं औषध दारूतच ना?

विंगेतला: 1.7 मध्ये नुसती दारू. औषध 2.2 मध्ये कळतं, तेही पॉसेटमध्ये, म्हणजे निजताना घ्यायच्या गरम दुधाच्या पेयात.

जुनाखांब: इतिहासात डंकन 1040 साली लढाईत पडला. झोपेतला खून, शेक्सपिअरने आधार घेतलेल्या होलिनशेडच्या बखरीतल्या डफ राजाचा. पहारेकऱ्यांना मारणंही तिथूनच उचललेलं.