मदत हवी आहे: थंड देशात घरातल्या मिरचीची फुलं गळतात

नमस्कार मंडळी. मी पेडण्याची, पण प्रश्न माझ्या परसातला नाही. लेक एडिनबरोला असते, तिनं खिडकीत कुंडीत मिरची लावलीय. बी तिथलंच, लांबट लाल मिरचीचं. इथून हरमलच्या मिरचीचं बी पाठवणार होते, पण वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते पाठवता येत नाही, म्हणून राहिलं.

रुजवताना कुंडी हीटरजवळ होती, त्यामुळे बी छान उगवलं. मिरचीला रुजायला २५ ते ३० अंशांची ऊब सगळ्यात चांगली. आता रोप उंच झालंय, पण शेलाटं, काचेकडे वाकलेलं. फुलं येतात आणि देठासकट गळतात. रात्री हीटर बंद केला की खोली १३-१४ अंशांवर येते. त्यात डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सात तासांचा!

मला संशय उजेडाचा आहे, जावई म्हणतात थंडीचा. एलईडीचा ग्रो लाइट घ्यायचा तर पानांपासून किती अंतरावर आणि किती तास लावायचा? रात्री कुंडीखाली हीट मॅट ठेवून भागेल, की खोलीच गरम ठेवावी लागेल? वीज तिकडे महाग आहे हो. घरात वारा नाही, मधमाशी नाही; ब्रशनं परागण करून कुणाची मिरची खरंच धरलीय का?

पाणी ती रोज घालायची, ते मात्र मी थांबवलंय. थंडीत माती ओली राहिली की मुळं कुजतात.

युरोपात, नाहीतर शिमला-मनालीकडे कुणी घरात मिरची घेतली असेल तर कृपया सांगा. फोटो मागवून इथे टाकते.