वामावर्त की दक्षिणावर्ती? डाव्या तोंडाच्या गोगलगाईचे वर्णन

प्रश्न : फोंड्याजवळच्या कुळागरात पोफळीच्या बुंध्यावर एक चपटी, पिवळसर तपकिरी गोगलगाय दिसली. (घरी आम्ही कोंगो म्हणतो.) शाळेच्या नोंदवहीत तिचे वर्णन मराठीतून लिहायचे आहे. शंखाचे तोंड डावीकडे आहे. त्याला वामावर्त म्हणावे की दक्षिणावर्ती? देवघरातल्या शंखामुळे गोंधळ होतो. आणि ‘शंखी गोगलगाय’ हे नाव चालेल का?

उत्तर : वामावर्त लिहा. गोंधळ आहे तो शंख धरण्याच्या पद्धतीत. प्राणिशास्त्रात शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरतात. तोंड डाव्या हाताला आले की शंख वामावर्त. पूजेत टोक खाली ठेवून पाहतात, त्यामुळे त्याच शंखाचे तोंड उजवीकडे दिसते. म्हणजे ज्या दक्षिणावर्ती शंखाला एवढा मान, तो प्राणिशास्त्राच्या भाषेत वामावर्तच. नोंदीत ‘टोक वर धरून पाहिले’ एवढे जरूर टाका. फोटो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला असेल तर तोही तपासा. आरशासारखा उलटलेला फोटो उजव्या गोगलगाईला डावी करतो.

बहुतेक गोगलगाई उजव्या, म्हणून हे लक्षण मोलाचे. पश्चिम घाटात वामावर्त शंख म्हटला की आधी आरिओफँटा ही प्रजाती आठवते. तिच्यातली आरिओफँटा लेव्हिपेस ही जाती डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ म्यूलर यांनी 1774 मध्येच वर्णिली. (इथे प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत यांची सर्रास अदलाबदल होते, नोंदीत होऊ देऊ नका.) मात्र एरवी उजव्या असणाऱ्या जातीतही क्वचित एखादी डावी निपजते. म्हणून वेढे मोजा, रुंदी मोजा, खालची नाभी (शंखाच्या तळाचे मधले भोक) उघडी की झाकलेली ते पाहा, तोंडाची कड जाड की पातळ तेही लिहा. आरिओफँटाच्या कुलात (फॅमिलीत) जातीचा निर्णय पुष्कळदा जननेंद्रियांच्या रचनेवरून होतो. तेव्हा फोटोवरून ‘बहुधा आरिओफँटा, जाती अनिश्चित’ इतकेच लिहिणे प्रामाणिकपणाचे.

‘शंखी गोगलगाय’ कृपया टाळा. शब्द म्हणून चूक नाही, पण कृषी सल्ल्यांत तो पिके फस्त करणाऱ्या आफ्रिकन गोगलगाईसाठी रूढ झाला आहे. ती 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली. तिचा शंख उंच, निमुळता आणि सहसा उजवा. तेच नाव दिले की कुळागरातल्या स्थानिक गोगलगाईवरही मारण्यासाठी मीठ पडते, आणि ते मला फार लागते.

प्रश्न : शंखाच्या तोंडावर झाकण नाही. हेही लिहू का?

उत्तर : अवश्य! झाकण असलेल्या सायक्लोफोरससारख्या जमिनीवरच्या गोगलगाई वेगळ्याच शाखेतल्या. त्यांच्यात नर-मादी वेगवेगळे असतात, आरिओफँटा उभयलिंगी. फक्त कोरड्या दिवसांत तोंडावर वाळलेल्या चिकट स्रावाचा पातळ पडदा दिसला तर त्याला झाकण समजू नका. खरे झाकण पायाला कायमचे जोडलेले असते आणि गोगलगाय चालताना तिच्याबरोबरच फिरते.